औषधाचं पाणी आणि माझा हिराकस

माझ्या मालाला भेसळीचा म्हणणारा माणूस अजून हयात आहे, पुण्यात असतो असं ऐकतो, आणि त्याने तो शब्द परत घेतलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी ज्या बाईंबद्दल लिहिणार आहे त्या याच माणसाच्या हाताखाली नोकरीला होत्या. त्यांच्याबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. पण त्यावरून मी सगळं विसरलो असं कुणी समजू नये.

लासुर्ण्यात माझं खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. आमच्या घरात त्याआधी कुणी दुकान काढलं नव्हतं. आजोबा गावकीची कामं करायचे. वडिलांच्या वयाच्या लोकांनी धम्म स्वीकारला, ती कामं टाकली, आणि वडील साखर कारखान्यात हमाली करायला लागले. मी सुरुवात केली रिकाम्या पोत्यांपासून. सायकलवर वाड्यावस्त्या फिरून पोती गोळा करायची, शिवायची, विकायची. मग दोन वर्षं दुधाचे कॅन वाहिले. मग दुकान.

आमच्यातल्या माणसाने दुकान काढलं की गिऱ्हाईक पोतं उघडून कोपरापर्यंत हात आत घालतं. तेच गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून शिवलेलं पोतं तसंच खांद्यावर टाकून नेतं. मी यावर कधी कुणाशी भांडलो नाही, आणि इतर सगळ्या गोष्टींवर भांडलो. माल मात्र असा ठेवला की हात घालणारा बोट झटकून गप्प बसायचा. गावात माझी तोंडाळ म्हणून ख्याती होती, खोटा म्हणून नव्हती. एवढ्या एका गोष्टीवर दुकान उभं होतं.

हिराकस हा माझा खास माल. आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत उसाच्या पानावर केवडा येतो. पान शिरांमधून पिवळं पडत जातं, शेवटी पांढरं फटक होतं. त्यावर शेणखतात मुरवून हिराकस देतात. लोखंडाचं मीठ ते, फिकट हिरवं, ओलसर साखरेसारखं. कोरडं ठेवलं तर हिरवं राहतं. दमट हवेत पडलं की त्याला गंज चढतो, आधी पिवळा, मग तांबूस. असा गंजका माल पानाला लागत नाही. म्हणून मी पोती जमिनीवर कधी ठेवली नाहीत, लाकडी फळ्यांवर रचायचो आणि पावसाळ्यात मेणकापड टाकायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. उन्हाळ्यात एका दुपारी एक बाई एसटीतून उतरल्या आणि सरळ माझ्या दुकानात आल्या. पंचविशीच्या असतील. त्यांची नजर मागच्या थप्पीवर होती.

"हिराकस दाखवा. चिमूटभर, उन्हात."

मी म्हटलं, "सावलीत काय वेगळा दिसतोय व्हय?"

"सावलीत सगळा माल चांगला दिसतो," त्या म्हणाल्या.

मी कागदावर चिमूट काढून दारात धरली. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं वाकून बघितलं. "हिरवा आहे. पुण्याहून मागवला तो पिवळा निघाला." मग वीस पोती पाहिजेत म्हणाल्या. मी विचारलं, किती एकर? तर म्हणाल्या, एकर नाही, पाण्यात टाकायचाय.

"कसल्या पाण्यात?"

"औषधाच्या."

त्या मूळच्या सांगवीच्या, शेतकऱ्याच्या घरच्या, बारामतीत रसायनशास्त्र शिकलेल्या. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा निम्मे प्लॉट मोकळेच होते, तिथे एका औषधाच्या कारखान्यात त्या नोकरीला लागल्या होत्या. हे सगळं मला भावाची घासाघीस करता करता कळलं, आणि ती घासाघीस तासभर चालली. मी म्हटलं, परवडत नसेल तर पुण्याहूनच आणा. त्यावर त्या म्हणाल्या, "पुण्याचा माल पिवळा आहे हे तुम्हाला आधीच सांगून बसले, ही माझी चूक. आता तुम्ही भाव सोडणार नाही." मला हसू आलं. हसलेला माणूस भाव धरून ठेवू शकत नाही. वर पोच टेम्पोने माझ्याकडून, हेही त्यांनी मान्य करून घेतलं.

माल घेऊन मी स्वतः गेलो, कारण पाण्यात हिराकस कशाला हे मला बघायचं होतं. आपला माल कशाला वापरतात ते कळलं की पुढच्या वेळी भाव कळतो.

कारखान्याच्या मागच्या बाजूला हौद होते. बाईंनी मला उन्हात उभं करून सगळं सांगितलं, आणि असं सांगितलं की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. कारखान्यात जंतू मारायची औषधं करतात. भांडी धुतली की त्या पाण्यात थोडं औषध उतरतं. हे पाणी ज्या मोठ्या हौदात साफ करतात तिथे घाण खायला जंतूच पाळलेले असतात. औषधाचं पाणी आलं की जंतू मरतात, आणि पाणी घाणच्या घाण पुढे जातं. कारखान्याने उपाय काय केला, तर दर महिन्याला शेणाची ट्रॉली आणून हौदात कालवायची आणि वर मळी ओतायची, म्हणजे नवे जंतू वाढतील. ते वाढायचे आणि पुढच्या धुण्याला मरायचे.

"शेण देतो तो माणूस खूश असंल," मी म्हटलं.

"तोच तर म्हणतो शेण कमी पडतंय म्हणून जंतू टिकत नाहीत, अजून शेण टाका."

आणि जे पाणी ओढ्याला जातं, त्या म्हणाल्या, त्यात औषधाचा अंश राहतो. तिथले जंतू रोज थोडं थोडं औषध पचवतात आणि त्याला सरावतात. उद्या कुणाच्या पोराला तेच औषध दिलं तर लागू पडणार नाही. ओढा खाली सहा वाड्यांमधून जातो. म्हणून हौदात जायच्या आधीच औषध मोडून टाकायचं. पाणी तेजाब घालून आंबट करायचं, त्यात हिराकस विरघळवायचा, आणि वरून निळ्या ड्रममधलं पेरॉक्साइड बारीक धारेने सोडायचं. हिराकसातलं लोखंड पेरॉक्साइडला चेतवतं, त्यातून असं काही निघतं की ते समोर येईल त्याला जाळतं, आगीशिवाय. मग चुना घालून आंबटपणा मारायचा, लोखंडाचा गाळ खाली बसतो, वरचं पाणी हौदात.

मी ते बघितलं. पाणी आधी चहासारखं झालं, फेसाळलं, टाकीला हात लावला तर कोमट. आमच्या उसाच्या पानावरचा पिवळेपणा घालवणारा माल इथे औषध जाळत होता. मी माणसांचं कौतुक पटकन करत नाही. पण त्या बाई उन्हात, डोक्याला पंचा बांधून, दोन गड्यांना धार कशी सोडायची ते दाखवत होत्या आणि स्वतःच ड्रम कलता करत होत्या. मला वाटलं, हिचं डोकं चांगलं आहे आणि हातसुद्धा.

औषध मोडलं की नाही हे कळायला लागणारं यंत्र कारखान्यात नव्हतं. नमुने मुंबईला जात आणि निकाल यायला महिना लागे. बाईंनी त्यावर तोड काढली ती सांगवीची होती. त्यांच्या घरी दूध संकलनाचं केंद्र होतं. कासेला सूज येऊन दगडी झालेल्या गाईला इंजेक्शन दिलं की चार दिवस तिचं दूध केंद्रावर घेत नाहीत, कारण त्या दुधाला दही लागत नाही. औषध विरजणातले जंतू मारतं. मग पाणी तपासायला हेच का नको? उकळून कोमट केलेल्या दुधाच्या वाट्या, प्रत्येकीत विरजण, एकीत विहिरीचं पाणी चमचाभर, एकीत धुण्याचं कच्चं पाणी, बाकीच्यांत साफ केलेलं पाणी. सकाळी लावायचं, उन्हाळ्याच्या दिवसात चारपर्यंत कळतं. कच्च्या पाण्याची वाटी दुधासारखीच राहायची. साफ केलेल्या पाण्याच्या वाटीत पहिल्या आठवड्यात अर्धवट दही लागलं, लिबलिबीत. म्हणजे थोडं औषध उरत होतं. त्यांनी पेरॉक्साइड वाढवलं.

याच सुमाराला माझी दुसरी खेप गेली. इथे एक गोष्ट लिहायला पाहिजे, आणि ती मी आनंदाने लिहीत नाही. त्या खेपेत थप्पीच्या तळची तीन पोती होती. मेणकापड फाटून त्यांना ओल लागली होती, कडेने तांबूस झाली होती. मी ती मधोमध रचून पाठवली. भेसळ नव्हती ती. पण पहिल्या प्रतीचा मालही नव्हता, हे मला माहीत होतं.

पेरॉक्साइड वाढवल्यावर दही लागायचं पूर्णच बंद झालं. एक दिवस नाही, सलग पाच दिवस. आधी अर्धवट तरी लागत होतं. पुण्याचे मॅनेजर होते, त्यांनी गड्यांच्या देखत हिराकसाचं पोतं पायाने ढकललं आणि म्हणाले, "हा माल भेसळीचा आहे. कुठल्या दुकानातून आणता?" माझा टेम्पोवाला तिथे उभा होता. संध्याकाळच्या आत तो शब्द लासुर्ण्याच्या पारावर आला.

तिसऱ्या दिवशी माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, ज्यांना सगळे तात्या म्हणत, बैलगाडीत पोतं घेऊन दारात आले.

"ह्ये परत घ्या."

"का? केवडा गेला का?"

"केवडा ऱ्हाऊ दे. फॅक्टरीत तुमचा माल चालला न्हाय म्हंत्यात. आमी अडाणी, आमाला काय कळतंय. पन तिकडची शिकलेली मान्सं हायती."

"तात्या, सा वरसं तुमी माझाच माल टाकताय."

"म्हनूनच तर म्हंतो, सा वरसं काय टाकलं कुनास ठावं."

मी त्यांना काय बोललो ते लिहीत नाही. पोतं परत घेतलं. त्या आठवड्यात आणखी पोती परत आली आणि शेजारच्या दुकानात हिराकसाचा फलक लागला. माझ्या छातीत जाळ होता, आणि त्या जाळाखाली ती तीन तांबूस पोती होती. खरोखरच त्यांच्यामुळे झालं असेल तर? माणूस अर्धा खरा असला की जास्त ओरडतो. मी मोटारसायकल काढली आणि लोणी देवकर गाठलं.

मॅनेजर, बाई आणि गडी हौदापाशीच होते. मी गाडी उभी करता करताच सुरुवात केली.

"कोन म्हनतं माझा माल भेसळीचा?"

"मी म्हणतो," मॅनेजर म्हणाले. "दही लागत नाही. तुमचा हिराकस काम करत नाही, एवढं सरळ आहे."

"दही न लागायला माझाच हिराकस कारण? हितं ह्यो निळा ड्रम हाय त्याचं काय? मी दोन वर्सं दुधाचं कॅन वाह्यलंत. एक गवळी उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून बाटलीतनं दवा टाकायचा. बाटलीवर ह्याच ड्रमावरचं नाव. त्या दुधाला काय केलं तरी विरजण लागायचं न्हाय. शिकलेली मान्सं तुमी, दुकानदाराच्या पोत्याला लाथ मारायच्या आधी ड्रमाला मारून बघायची."

मॅनेजर म्हणाले, "गेटच्या बाहेर चला."

बाई मात्र म्हणाल्या, "परत सांगा."

मला वाटलं टिंगल करतात. "काय परत सांगू? भेसळ?"

"गवळ्याचं. बाटलीवर काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं.  बाईंचा चेहरा आधी उतरला आणि मग एकदम कामाला लागला, दुसऱ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. त्यांनी एका गड्याला कँटीनमध्ये पाठवून बटाटे आणवले. दोन पेल्यांत पाणी घेतलं, एकात विहिरीचं, एकात साफ केलेलं. कच्च्या बटाट्याची एकेक फोड दोन्हीत टाकली. विहिरीच्या पाण्यात फोड गपगार पडून राहिली. साफ केलेल्या पाण्यात तिच्या अंगावर बारीक बुडबुडे आले, आणि बघता बघता इतके आले की फोड तरंगायला लागली.

"कच्चा बटाटा पेरॉक्साइड फोडतो," त्या म्हणाल्या. "औषध संपलेलं असणार. पेरॉक्साइडच उरलंय. तेच विरजण मारतंय. मी जास्त ओतलं."

"असणार म्हणजे काय?" मॅनेजर म्हणाले. "सिद्ध करा."

त्या म्हणाल्या, "उद्या चारला."

मला त्यांनी या म्हटलं नव्हतं, तरी मी गेलो. त्यांनी सकाळीच साफ केलेल्या पाण्यात बटाटा किसून टाकला होता, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवलं, गाळलं, आणि ते पाणी घालून दही लावलं होतं. एवढ्यावर त्या थांबल्या नव्हत्या. कच्च्या पाण्यातही बटाटा किसून एक वाटी लावली होती, म्हणजे बटाट्यानेच सगळं होतं असं कुणी म्हणू नये. विहिरीच्या पाण्यात पेरॉक्साइडचे थेंब घालून एक वाटी. मी आयुष्यभर भांडलोय, पण समोरच्याचा प्रत्येक मुद्दा तो बोलायच्या आधी वाटीत लावून ठेवायचा, हे मला कधी सुचलं नव्हतं.

चारला झाकणं काढली. कच्च्या पाण्याची वाटी, बटाटा असूनही, दूधच. पेरॉक्साइडची वाटी दूधच. साफ केलेल्या, बटाट्याने शांत केलेल्या पाण्याची वाटी त्यांनी आडवी केली. दही हललं नाही.

गडी हसले. मॅनेजर वाटीकडे बघून म्हणाले, "ठीक आहे, पेरॉक्साइड कमी करा," आणि ऑफिसात गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी दारापर्यंत मागे गेलो आणि म्हटलं, "साहेब, त्या शब्दाचं काय?" ते म्हणाले, "कुठल्या शब्दाचं?" शिपायाने दार लावलं. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं ते.

हौद सुधारला. बाईंनी पेरॉक्साइड एकदम न सोडता तीन हप्त्यांत सोडायला सुरुवात केली, आणि चुना घातल्यावर पाणी रात्रभर उभं ठेवायचं ठरवलं. पुढचं शेण एकदाच टाकलं, त्यातले जंतू टिकले. पण यातलं काहीच लासुर्ण्यात कुणाला माहीत नव्हतं. तिथे मी अजून भेसळीवालाच होतो. मी ओरडून सांगायचो, लोक माना हलवायचे आणि शेजारी जायचे. स्वतःच्या मालाची साक्ष स्वतःच देणाऱ्याचं कोण ऐकतं?

आठवडी बाजाराच्या दिवशी, भर गर्दीच्या वेळेला, बाई एसटीतून उतरल्या. माझ्या दुकानासमोर तात्या आणि चारपाच शेतकरी शेजारच्या दुकानाची वाट पकडून निघाले होते. बाईंनी त्यांनाच नमस्कार केला.

"मी लोणी देवकरच्या कारखान्यातली. ह्यांच्या हिराकसात भेसळ आहे असं आमच्याकडून बोललं गेलं. ते खोटं होतं. चूक माझी होती, मी दुसरं औषध जास्त ओतलं. हे सांगायला आले."

तात्या म्हणाले, "तुमी सायबीन हाय का?"

"साहेबीण नाही. चूक करणारी."

"आनि ती सुधरली?"

"सुधरली. तीही ह्यांनीच दाखवली, शिव्या देता देता."

लोक हसले. तात्या म्हणाले, "शिव्या खऱ्या हायती, आमी बी खाल्ल्यात." आणि आत येऊन हिराकसाच्या थप्पीपाशी उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझं पोतं कुठलं?" मी म्हटलं, तुमचं पोतं इकलं गेलं, नवं घ्या. घेतलं त्यांनी.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. आपल्या नोकरीच्या ठिकाणी चूक कबूल करणं एक. त्यासाठी सुट्टी टाकून, दोन एसट्या बदलून, अनोळखी बाजारात, जिथे कुणी विचारलंही नव्हतं, तिथे येऊन मोठ्याने सांगणं दुसरं. आणि कुणासाठी? ज्याने त्यांच्या हौदावर येऊन तमाशा केला त्याच्यासाठी.

गर्दी ओसरल्यावर त्या काउंटरपाशी आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "मधली तीन पोती गंजलेली होती. ताजा हिराकस पेरॉक्साइड खातो, गंजका हळू खातो. म्हणून आणखी उरलं. बहुतेक चूक माझीच, पण सगळी नाही."

मी काउंटरवरचा वजनकाटा पुसायला घेतला. 

"हे बाहेर का न्हाय बोललात?" मी विचारलं.

"बाहेर भेसळीबद्दल बोलायचं होतं. भेसळ नव्हती. हे तुमच्या-माझ्यातलं आहे."

मग त्यांनी पुढची खेप सांगितली, तीस पोती. मी सावरलो होतो. म्हटलं, ह्या महिन्यात माझी एवढी बदनामी झाली, गिऱ्हाईक तुटलं, त्याची भरपाई म्हणून भाव पोत्यामागे थोडा वर जाईल.

बाई म्हणाल्या, "चूक मान्य केली. भाव मान्य केलेला नाही."

मी बराच आरडाओरडा केला. बाजारातून जाणारे लोक थांबून बघायला लागले. त्या बाकावर बसल्या, पदराने वारा घेतला आणि माझं संपायची वाट बघत राहिल्या. शेवटी जुन्याच भावाला सौदा झाला, आणि वर तीन पोती मी बिनमोबदला घातली. ती मी त्यांच्या देखत उघडून, उन्हात नेऊन दाखवली.